जीर्णोद्धार, पाठभेद आणि छोटी आगगाडी

वारशाने आलेली वस्तू दुरुस्तीनंतर 'तीच' राहते का, हा प्रश्न तत्त्वविचाराला नवा नाही. 'मिलिंदपञ्ह'मधील नागसेन रथाची चाके, आस, जू एकेक करून वेगळे काढतो आणि मग 'रथ' नेमका कोठे आहे, असे विचारतो. तेथील प्रश्न अस्तित्वाचा आहे. कौटुंबिक वस्तूच्या संदर्भात मात्र तो नैतिक बनतो. आधीच्या पिढीने घडविलेल्या वस्तूत बदल करण्याचा अधिकार वारसाला कितपत आहे?

समजा, मुरगूडमधील एखाद्या घराच्या माळ्यावर आजोबांनी मांडलेली विजेवर चालणारी छोटी आगगाडी सापडली. वेदगंगेकाठच्या या गावात लोहमार्ग नाही. रेल्वे गाठायची तर कोल्हापूर गाठावे लागते. म्हणजे या प्रतिकृतीचे मूळ गावात कधी नव्हतेच. कोल्हापुरातील मूळही स्थिर राहिलेले नाही. १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग मीटर गेजचा होता. पुढे तो ब्रॉडगेज झाला. शिवाय १:८७ प्रमाणातील छोट्या गाड्यांचे १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ हे युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे लघुरूप होय. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्याने त्यासाठी सुमारे १९.३ मिलिमीटर रुंदी हवी. तेव्हा त्या प्रचलित रुळांवर धावणारी भारतीय गाडी अनुकरण म्हणून आरंभापासूनच संकेताधीन असते. 'मुळाशी निष्ठा' हा निकष येथे अपुरा ठरतो. निष्ठा असलीच तर ती ज्याने हा खेळ मांडला त्याच्याशी असू शकते.

नूतनीकरणाचे स्वरूप पाहिले की हा पेच अधिक स्पष्ट होतो. जुन्या व्यवस्थेत रुळांतून सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह जातो. दाब वाढवला की वेग वाढतो आणि त्या रुळांवरील सर्व इंजिने एकदम हलतात. अंकीय व्यवस्थेत रुळांतून सांकेतिक आज्ञा जातात व प्रत्येक इंजिनातील विसंकेतक स्वतःपुरती आज्ञा ओळखतो. दोन गाड्या एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालतात, हा लाभ निःसंशय मोठा आहे. पण त्यासाठी कित्येक जुन्या इंजिनांतील मोटार सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या विलग करावी लागते. कधी मूळ भाग कापावाही लागतो. निघताना बसणारा तो ओळखीचा हिसकाही नाहीसा होतो.

मग काहीच न करता गाडी काचेच्या कपाटात ठेवावी काय? हा पर्याय निष्पाप वाटतो, परंतु तो तसा नाही. न चालवलेल्या यंत्रातील तेल घट्ट होते. जस्ताच्या सदोष मिश्रधातूचे जुने भाग तर न हलवताही फुगतात, तडकतात. शिवाय धावणे हेच ज्या वस्तूचे प्रयोजन, ती स्थिर करणे हाही तिच्या अर्थातील हस्तक्षेपच होय. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय त्यांच्या कुटुंबाने गाड्या धावत्या ठेवून जपले आहे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या पेचातून वाट काढण्यास पाठचिकित्सेचा दृष्टान्त उपयोगी पडतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठ वर येतो. नाकारलेले पाठ खाली नोंदवलेले राहतात. संपादक निर्णय घेण्याचे टाळत नाही, परंतु त्या निर्णयाची तपासणी करण्याचे साधनही वाचकाच्या हाती देतो.

वारसाकडूनही हीच अपेक्षा करता येईल. त्याने विसंकेतक बसवावा. मात्र काढलेली तार, जुना नियंत्रक आणि केलेल्या बदलांची नोंद त्याच पेटीत ठेवावी. जेथे कापल्यावाचून गत्यंतर नाही, तेथे ते इंजिन जुन्याच पद्धतीने, वेगळ्या रुळावर चालू द्यावे. दुरुस्ती लपवणे म्हणजे पूर्वजाच्या नावावर आपला पाठ खपवणे होय. वारसा मिळाल्याने मालकी मिळते, असे कायदा म्हणेल. नीतीच्या दृष्टीने मात्र वारस हा मधला संपादक असतो, आणि त्याचा निर्णय फिरवण्याचा पुढच्या पिढीचा हक्क त्याने शाबूत ठेवला पाहिजे.