आजचं चिंतन (गीता १८.६३): निर्णय अर्जुनाचाच



राजू केंद्रे यांची 'एकलव्य' संस्था घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी निवासी शिबिरं घेते. तसंच एक छोटं शिबिर मे महिन्यात आमच्या नांदगावात होतं. मी शिकवायला होतो.

बारावी झालेल्या एका मुलाची पसंतीक्रमाची यादी मीच लिहून दिली. सगळं इंजिनिअरिंग, सगळं पुण्याचं. त्याने मान हलवली. पण दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या रात्री पडवीत हळूच म्हणाला, "दादा, माका कलमांचा शिकाक व्हया." त्याची आई काजूच्या बागेत मजुरीला जाते. कुडाळ तालुक्यात मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, हे मला ठाऊक होतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

त्या रात्री हा श्लोक वाचला आणि लाज वाटली. साक्षात भगवंत सगळं ज्ञान सांगून झाल्यावर म्हणतात, यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. आणि मी? चार दिवस गणित शिकवून एका पोराचं आयुष्य ठरवून मोकळा!

सकाळी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि गप्प बसलो.

देवा, मदत करताना माझा 'मी' आडवा येऊ देऊ नकोस. 🙏