टीव्हीचा आत्मा

माणसात आत्मा असतो की नाही यावर पंडित खुशाल भांडोत. टीव्हीत तो नेमका कुठे असतो, एवढंच मला विचारायचं आहे. इंदापूरच्या कै. मामांचा कृष्णधवल पोर्टेबल संच बारामतीत दुरुस्त करवला. कपॅसिटर नवे, ईएचटी नवा, पिक्चर ट्यूब दुसऱ्या संचाची. मामांचं उरलं नुसतं खोकं! मग दुरुस्त झालं ते कोण? त्यातून, मुंबईत १९७२ साली सुरू झालेल्या दूरदर्शनचं अँटेनावरचं जुनं प्रक्षेपण इकडे बंद; पडद्यावर फक्त मुंग्या. "उपयोग काय?" हिचा सवाल. अहो, उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ बघायला लोक धावतात, ते काय उपयोग विचारून?

चित्र हललं की मामा संचाला एक चापट मारीत. मुंग्यांनाही मामी रोज संध्याकाळी तशीच एक ठेवून देतात. आत्म्याचा पत्ता तोच असावा.