एकच ओळ, पुन्हा

बैठकीच्या लावणीत गाणारी बाई बसलेली असते आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. पहिल्या खेपेला त्या ओळीत रुसवा असतो, दुसऱ्या खेपेला लाडीगोडी, तिसऱ्या खेपेला टोमणा. शब्द तेच राहतात. भुवई बदलते, पदराचं टोक धरलेली बोटं बदलतात, नजर समोरच्या माणसावरून उचलून दाराकडे जाते. याला अदाकारी म्हणतात. पाय थकले की नाच थांबतो, पण अदाकारी बसल्या जागी चालू राहते आणि वयाबरोबर बारीकही होत जाते.

वृद्ध कलावंतावर माहितीपट करणाऱ्याचा खरा प्रश्न इथेच आहे. संकलनाच्या टेबलावर बसलेल्याला एकाच ओळीच्या चार खेपा सारख्या दिसतात. तो पहिली ठेवतो, उरलेल्या तीन कापतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत सुरकुत्या, भिंतीवरचं मानपत्र, चुलीचा धूर भरतो. चित्र सुंदर होतं. पण बाईंनी आयुष्यभर जे कमावलं ते त्या तीन खेपांत होतं.

लावणी गायिका यमुनाबाई वाईकर १९१५ ते २०१८ अशा शंभराहून अधिक वर्षं जगल्या. कोल्हाटी समाजातल्या या मुलीने लहानपणी आईबरोबर रस्त्यावर गाऊन पोट भरलं, पुढे यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी उभी केली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९५ साली मिळाला आणि पद्मश्री २०१२ साली, वयाचं सत्त्याण्णवावं वर्ष चालू असताना. त्यांच्याबद्दल लिहिताना भीक ते पद्मश्री असा जिना बांधण्याचा मोह आवरत नाही. तो जिना खोटा नाही. मात्र त्यात लावणी कुठे आहे? आलाप कुठे थांबवायचा, कुठली ओळ गाऊन सोडायची आणि कुठली अदेसाठी धरून ठेवायची, हे या बाईला कोणी आणि कसं शिकवलं, हा प्रश्न त्या जिन्यावर कुठेच भेटत नाही.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या बाबतीत तर एका गोष्टीने बाकी सगळं झाकून टाकलं आहे. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंतपण झालं, नाळ दगडाने तोडली आणि बाई पुन्हा बोर्डावर आल्या. महाराष्ट्राला त्या याच गोष्टीने ठाऊक आहेत. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, अखेरची वर्षं हलाखीची, १५ जानेवारी २००२ रोजी निधन. हे ऐकून डोळे भरून येतात आणि यावेत. तरीही मला वाटतं, करुणा ही पाहण्याची सर्वांत सोपी रीत आहे. वडील आणि चुलते, म्हणजे भाऊ-बापू, यांच्या फडात वाढलेली ही बाई गवळणीतून वगात शिरताना आवाजाची पट्टी कशी बदलत असेल, हे विचारायला कान लागतो.

असा कान असलेलं काम आपल्याकडे झालंही आहे. सावित्री मेधातुल यांनी भूषण कोरगावकर यांच्या सोबतीने ‘नटले तुमच्यासाठी’ हा लावणी कलावंतांवरचा माहितीपट २००८ साली केला. ते दोघे चित्रीकरण संपवून निघून गेले नाहीत. कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आलं, मग त्याच नावाचा रंगमंचावरचा कार्यक्रम आला आणि त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंत प्रेक्षकांसमोर बसून अदा करू लागल्या. कॅमेऱ्यासमोर सुरू झालेली ओळख पुन्हा बोर्डावर गेली. माहितीपटाला याहून चांगलं फळ येऊ शकेल असं मला वाटत नाही.

स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या बालगंधर्वांच्या वाट्याला मात्र कॅमेऱ्याचं हे सुख आलं नाही. १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकातली रुक्मिणी रंगवताना ते अठ्ठावीस वर्षांचे होते. मराठी बोलपट १९३२ साली आला, तेव्हा त्यांचं चव्वेचाळिसावं वर्ष चालू होतं. १९३५च्या ‘धर्मात्मा’त तर त्यांनी एकनाथ रंगवला, पुरुषभूमिका. आवाज तबकड्यांनी राखला. भर उमेदीतली रुक्मिणीची चाल मात्र ऐकीव उरली.

हे सगळं मी म्हसावदला बसून लिहितो आहे. शहाद्याहून तोरणमाळकडे जाणारा रस्ता इथून जातो, उत्तरेला सातपुडा उभा असतो. तमाशाचे मोठे फड सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला येतात आणि कनात उतरवून पुढे जातात. आमचे स्वतःचे कलावंत सोंगाड्या पार्टीत आहेत. होळीच्या दिवसांत पाड्यापाड्यांवर रात्रभर त्यांचा खेळ चालतो. त्याची संहिता कुठल्या वहीत नसते, जुन्या माणसाच्या डोक्यात असते. कुठल्या गावात कुठलं सोंग लांबवायचं, लोक पेंगायला लागले की काय आत घालायचं, हे त्यालाच ठाऊक. तो गेला की नुसता एक नट जात नाही, खेळाची पोथीही त्याच्याबरोबर जाते.

सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा ५००० रुपये मानधन देतं. त्यासाठी कलेचे पुरावे जोडावे लागतात: प्रमाणपत्र, कात्रण, कार्यक्रमाचं छापील पत्रक. शेताच्या बांधावर, विजेच्या एका दिव्याखाली उभ्या राहिलेल्या खेळाचं पत्रक कोण छापणार? चाळीस वर्षं सोंग आणलेल्या माणसाकडे दाखवायला कागद नसतो. त्याच्या खेळाचं तासाभराचं न कापलेलं चित्रीकरण मला म्हणूनच चैन वाटत नाही. तो त्याचा कागद आहे.

उद्या असा कॅमेरा घेऊन कोणी या बाजूला आलं, तर माझं एकच मागणं आहे. बाबा कसे राहतात, मुलं विचारतात का, हे पहिल्याच दिवशी विचारू नका. ते आपणहून सांगतील, नाहीतर नाही सांगणार. खाटेवर समोर बसा आणि विचारा, बाबा, तुम्ही बाईचं सोंग आणायचात, तेव्हा घागर डोक्यावरून उतरवताना मान कशी वळवायचात? ते आधी हसतील. मग हातातली विडी बाजूला ठेवून मान वळवून दाखवतील. तुम्हाला कळलं नाही असं वाटलं, तर पुन्हा दाखवतील, थोडी वेगळी. त्या दोन्ही खेपा ठेवा.