माप कोणाचे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सध्या आपल्या सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर पेढे चालू आहेत. एमपी बोर्ड, गुजरात बोर्ड, कर्नाटकचा एसएसएलसी, गोवा बोर्ड, शिवाय सीबीएसई... एकामागून एक निकाल लागले. ज्या मुलांनी कष्ट केले त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, त्यात कंजुषी नको. पण याच दिवसांत एका माउलीचा फोन आला. मुलाला दहावीत 58 टक्के. ती म्हणाली, "दादा, ग्रुपवर टाकू की नको? नाही टाकलं तर लोक विचारतात, टाकलं तर पोरगं तोंड लपवतं. आणि खरं सांगू का, आम्ही वर्षभर नेमानं पारायण केलं हो."

हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून या आठवड्याचे निरूपण त्यावरच.

संत नरहरी सोनारांची कथा आपल्याला ठाऊक आहे. पंढरपुरात राहून विठ्ठलाचे तोंड न पाहणारे ते कडवे शिवभक्त. एका सावकाराने नवस फेडायला विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा करायला सांगितला. नरहरी म्हणाले, मी देवळात येणार नाही, तुम्ही कमरेचे माप आणून द्या. माप आले, करगोटा घडला. देवाला घातला तर कमी पडला. वाढवून दिला, तर आता सैल. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः गाभाऱ्यात गेले. हाताने चाचपले तर शंकर, पट्टी काढली तर विठ्ठल. पुढचे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो, हरी आणि हर एकच.

पण आज आपण अलीकडच्या भागावर जरा थांबू. करगोटा दोनदा का चुकला? कारागिरीत खोट नव्हती. सोने चोख होते, हात तयार होता. फक्त माप दुसऱ्याने आणलेले होते! जोवर सोनार स्वतः त्या मूर्तीला हात लावत नाही, तोवर कितीही कसब असले तरी दागिना बसत नाही. कथेचा हा अर्थ कोणी सांगत नाही, पण आपल्या घरांना आज त्याचीच गरज आहे असं आम्हाला वाटतं.

कारण आपण यशाची मापे कुठून आणतो? शेजारच्या दारातून. मावसभावाच्या पॅकेजवरून. हैदराबादच्या आपल्या एका ताईंनी सांगितलं, ऑफिसात अप्रेझलच्या दिवसांत स्वतः काय केलं हे कोणाला आठवतच नाही, बाजूच्याला किती रेटिंग मिळालं यावरच झोप अवलंबून. नोकरीत ते माप लावले जाते, त्याला इलाज नाही. पण तेच माप घरी आणून पोटच्या पोराच्या कमरेला लावायचं, आणि कमी पडलं की पोरालाच दोष द्यायचा, हे कुठलं शहाणपण?

त्या माउलीला आम्ही एवढंच विचारलं की मुलाची वही शेवटची कधी उघडली होती? तिने त्याच रात्री त्याच्याजवळ बसून उघडली. गणित चांगलं होतं. विज्ञान समजलेलं होतं, पण उत्तरे अर्धवट. मुलगा इंग्रजी माध्यमात, घरात सगळे मराठी, शाळेच्या बसमध्ये हिंदी. तो आधी मराठीत विचार करतो, मग शब्द शोधतो, तोवर वेळ संपते. 58 या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही. आता तो रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहितो आणि आईला वाचून दाखवतो. गाडी हळूहळू जाईल, पण रस्ता तरी सापडला. आणि पारायणाचं म्हणाल तर, पारायण म्हणजे टक्क्यांसाठी भरलेला ॲडव्हान्स नव्हे. मन स्थिर व्हावं म्हणून ते आहे. स्थिर झालेलं मन अभ्यासाला लावायचं काम आपलंच.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जे येईल ते गोड मानायचं का? नाही. इथे आपल्या सत्संगी मंडळींना थोडं खडसावूनच सांगायला हवं. "फळाची अपेक्षा करू नका" हे गीतेतलं सांगणं आपल्याकडे कामचुकारपणाचं पांघरूण झालं आहे. अभ्यास झाला नाही, गुरूंची इच्छा. गिऱ्हाईक तुटलं, गुरूंची इच्छा. फळावर हक्क सांगू नकोस हा दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक. तिथून तीनच श्लोक पुढे, 50 व्या श्लोकात, कर्मातल्या कौशल्यालाच भगवंतांनी योग म्हटले आहे. पहिला श्लोक पाठ आणि दुसरा विसरला, असं कसं चालेल? नरहरी महाराजांनी सैल करगोटा "चालतंय की" म्हणून पाठवून दिला नाही. ज्या देवाला ते मानत नव्हते त्याच्यासाठीसुद्धा त्यांनी तो पुन्हा भट्टीत घातला.

बेळगाव केंद्रातले आपले एक काका उद्यमबागेत लेथवर काम करतात. त्यांच्याकडून आम्हाला हे फार छान समजलं. ते म्हणतात, भोक बरोबर झालं का हे बघायला गेज असतो, दोन टोकांचा. एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं नाही तर भोक लहान, दुसरंही गेलं तर मोठं. आणि माप येतं ड्रॉइंगवरून. शेजारच्या मशिनवरचा जॉब बघून कोणी आपला जॉब काढत नाही, काढला तर दोन्ही स्क्रॅप!

काकांची आणखी एक गोष्ट. तपासणीला प्रत्येक नग जात नाही, मधलेच काही उचलतात. काका मात्र शिफ्ट सुटायच्या आधीचा शेवटचा नगही स्वतः गेज लावून ठेवतात, बाहेर बस हॉर्न वाजवत असली तरी. विचारलं तर हसून म्हणतात, "साहेब बघत नाही हो, पण जॉब बघतो ना माझ्याकडे." काका कधी व्यासपीठावर बसत नाहीत. पण कौशल्य आणि उपासना एकत्र कशी दिसते हे बघायचं असेल तर त्या लेथशेजारी जाऊन उभं राहावं.

वयाचंही असंच एक उसनं माप आपल्याकडे असतं. "पंचविशीत सेटल झाला नाही म्हणजे संपलं." बडोद्याच्या मंडळींना पुढचं सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळराव 1875 साली दत्तक म्हणून राजवाड्यात आला तेव्हा 12 वर्षांचा होता, आणि त्याचं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. आजच्या मापाने तो वर्गात सगळ्यांत मागे. त्याच सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उशिरा शिकलेल्याला शाळेची किंमत जास्त कळली असेल, असं आपलं आम्हाला वाटतं.

तर या आठवड्याची साधना. रोज अर्धा तास फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसायचं. किती मिळाले हे विचारायचं नाही. कुठे अडतं, काय आवडतं, वही दाखव, एवढंच. ज्यांची मुलं मोठी झाली किंवा परगावी आहेत त्यांनी फोन लावावा, पण पगार आणि लग्न हे दोन विषय सोडून. नोकरी-धंद्यातल्या मंडळींनी रोजच्या कामातलं कोणी तपासत नाही असं एक काम निवडावं, आणि सात दिवस ते दत्तगुरूंच्या पायाशी ठेवायचं आहे अशा भावनेने करावं. घरातल्या माउलींना हे वेगळं सांगायला नको, त्यांचं बहुतेक काम तसंच असतं.

गुरुवारी आरतीनंतर प्रत्येकाने आपण केलेली एक वस्तू पादुकांपुढे ठेवायला आणावी. चित्र, वही, शिवलेला ब्लाऊज, घरी केलेली चकली, लेथवर काढलेला बोल्ट, काहीही चालेल. मार्कशीट मात्र घरीच ठेवावी. प्रसादाला शिरा आहे, सेवेसाठी नावे बुधवार संध्याकाळपर्यंत आपापल्या केंद्रात द्यावीत.