शिंपल्याची आतली बाजू

कोकणात घरी तिसऱ्या झाल्या की जेवणानंतर मागच्या दारी शिंपल्यांचा ढीग पडतो. बहुतेक वेळा तो माडाच्या आळ्यात जातो. त्यातला एखादा शिंपला धुऊन सकाळच्या कोवळ्या उन्हात तिरका धरून पाहावा. वरच्या अंगावर तपकिरी, पिवळसर, कुठे फिकट जांभळ्या रेघा, एकीमागून एक, कडेपर्यंत गेलेल्या. आतली बाजू मात्र चिनीमातीसारखी पांढरी आणि गुळगुळीत. नीट पाहिलं तर आत दोन टोकांना दोन पुसट गोल खुणा दिसतात. दोन्ही झडपा घट्ट मिटून धरणारे स्नायू तिथे चिकटलेले होते.

हे घर त्यात राहणाऱ्या जिवानेच बांधलेलं. त्याच्या मऊ अंगावरचा पातळ पडदा पाण्यातला चुना घेतो आणि कवचाच्या कडेला थरावर थर चढवत जातो. रंगही तिथेच मिसळतो. म्हणून शिंपला कडेने वाढतो आणि बिजागरीजवळचा टोकदार भाग सर्वांत जुना, म्हणजे त्या जिवाचं बालपण. वाढ भराभर झाली तेव्हा रेघा विरळ, खुंटली तेव्हा दाट. आपण ज्याला नक्षी म्हणतो, ती त्याची जन्मभराची वही आहे.

शिंपले रंगवून घर सजवायची हौस हल्ली पुष्कळांना आहे. अ‍ॅक्रिलिकचा हात द्यायचा, फुलाफुलांचे पातळ कागद चिकटवायचे, कडेने सोनेरी रेघ, वर वॉर्निश. की झाली अंगठ्या ठेवायची वाटी किंवा दिवाळीतली पणती. मला हे मनापासून आवडतं. फेकून द्यायची वस्तू कुणीतरी मन लावून देखणी करतं, याहून चांगला उद्योग दुसरा कोणता? एवढंच वाटतं, की वरून गडद निळा फासण्याआधी त्या अंगावर आधी कुणी काय काढून ठेवलंय ते बघावं.

जपानी चित्रकारांनी ते फार पूर्वी बघितलं होतं. तिथे काई-आवासे नावाचा जोड्या जुळवण्याचा खेळ आहे, आणि तो हामागुरी नावाच्या शिंपल्यांनी खेळतात. आपल्या खाड्यांत मिळणाऱ्या काही शिंपल्यांची ती सख्खी भावंडं. पूर्ण संच ३६० जोड्यांचा. प्रत्येक शिंपल्याचा एक अर्धा एका पेटीत, दुसरा दुसरीत. खेळताना एका पेटीतले अर्धे पालथे मांडायचे, दुसऱ्या पेटीतला एकेक काढायचा आणि फक्त वरच्या रेघांवरून त्याचा जोडीदार ओळखायचा. बरोबर निघाला की दोन्ही अर्धे जुळतात, कारण बिजागरीचे दाते आणि खाचा दुसऱ्या कुठल्याच शिंपल्याशी नीट बसत नाहीत. मग उलटून पाहायचं, तर आत सोनेरी पार्श्वभूमीवर दोन्हीकडे सारखंच चित्र: राजवाड्यातला प्रसंग, फुलांची फांदी, गेंजीच्या जुन्या जपानी कथेतला एखादा देखावा. जपानच्या जुन्या एदो काळात सरदारांच्या मुलींच्या लग्नात या अष्टकोनी पेट्यांची जोडी रुखवतात असे आणि वरातीत मानाने पुढे नेली जाई.

मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की सोनं आणि रंग सगळे आत. बाहेरच्या अंगाला कुणी हात लावला नाही. लावला असता तर खेळच संपला असता, कारण जोडी ओळखायची ती त्या मूळ रेघांवरूनच. माणसाने आपली कला दाखवली ती त्या जिवाने कोरी सोडलेल्या जागेत. शिवाय जपानी चित्रकलेतला जो पांढरा रंग, गोफुन, तोही शिंपल्यांचीच पूड करून बनतो. आपल्याकडे शिंपले भाजून केलेल्या चुन्याने भिंती पांढऱ्या होत, त्याच जातीची ही युक्ती.

समुद्रावरून वेचून आणण्यापेक्षा मी स्वयंपाकघरातले शिंपले पसंत करते. किनाऱ्यावरचा रिकामा शंख आपल्याला रिकामा वाटतो; शंखात राहणाऱ्या खेकड्याला मात्र वाढत्या अंगासाठी तोच पुढचा मुक्काम हवा असतो. आणि पर्यटनाच्या गावी दुकानात मांडलेले मोठाले चकचकीत शंख बरेचदा आतल्या जिवासकट काढलेले असतात. लाटांनी घासून आलेला शंख इतका तुकतुकीत राहत नाही. २००१ साली काही शंखशिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच मिळालं, त्यात नॉटिलस आहे, राक्षसी शिंपलेही आहेत. दिवाणखान्यातल्या शोभेसाठी एक जीव मारावा इतकी ती शोभा मोठी नसते. ताटातल्या तिसऱ्यांचं तसं नाही. त्या आपण खाल्ल्या. आता त्यांचं घर तरी मानाने ठेवावं.

काम सोपं आहे. शिंपले खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळून आत चिकटलेला स्नायूचा अंश बोथट सुरीने खरवडून काढायचा. वास राहतो तो त्याचाच. जुन्या टूथब्रशने घासायचं. व्हिनेगर किंवा लिंबू लावायचं नाही. त्यात बुडबुडे येतात म्हणजे शिंपलाच विरघळत असतो. कडा घासायच्या तर पाण्याखाली, कारण त्याची भुकटी छातीत जाणं बरं नव्हे. मग आत पांढऱ्या रंगाचा एक हात, तो सुकला की बारीक ब्रशने चित्र. आपल्याकडच्या गोष्टी काय थोड्या आहेत? एका अर्ध्यात तुळशीवृंदावन, दुसऱ्यात तेच तुळशीवृंदावन. एकात बैलजोडी, दुसऱ्यात तीच बैलजोडी. मुलांना सुट्टीत खेळायला अशा दहा-बारा जोड्याही पुरतात.

मात्र जोड्या आधीच सांभाळाव्या लागतात. शिजवताना शिंपला उघडतो तरी बिजागरीचा चिवट पट्टा दोन्ही अर्ध्यांना धरून असतो. वाळला की तो कडक होऊन तुटतो आणि सगळे अर्धे एकमेकांत मिसळतात. म्हणून शिंपले धुतले की ओले असतानाच एकेक जोडी मिटून दोऱ्याने बांधावी आणि मग सावलीत वाळत घालावी.