अतिवृष्टी हा कोणता ताप?

शास्त्रकारांनी ताप तीन सांगितले. देहामनाचे दुःख तो आध्यात्मिक. चोर, सर्प, दुर्जन यांपासून होणारा तो आधिभौतिक. आणि अवर्षण, अतिवृष्टी, ऊन-थंडी यांचा तो आधिदैविक. पाठशाळेत हे घोकले, कीर्तनातून चाळीस वर्षे सांगितले. परंतु श्रोतेहो, अतिवृष्टी आता तिसऱ्या खणात बसते काय, हा प्रश्न उभा राहिला आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचे पाणी घाट सोडून पंढरपुरात शिरले. लोक म्हणाले, "दैवी कोप, दुसरे काय!" त्या एका पुराचा हिशेब कोणाच्या नावे मांडावा हे सांगणे सोपे नाही. पण पावसाची रीत पालटली, हे मोजलेले आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

आता शेतकऱ्यास विचारा. आठ दिवसांची झिमझिम रान पिऊन टाकते. तेवढेच पाणी दोन तासांत ओतले तर? काळी माती भिजताच फुगते, तिच्या भेगा मिटतात, मग पाणी आत जाईना. ते बांध फोडते, माती घेऊन ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला धावते. नदीला महापूर, आणि उन्हाळ्यात विहिरीला तळ! दोन्ही त्याच पावसाचे, बरे का.

ढग देवाचा खरा. त्यातली वाढीव ऊब मात्र कोळसा आणि तेल जाळणाऱ्या माणसांची. तेव्हा तेवढ्यापुरता हा ताप आधिभौतिकच म्हटला पाहिजे. हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. दैवाने आलेले सोसावे लागते. माणसाने केलेल्यास कर्ता असतो, आणि त्याला जाब विचारता येतो.

येथे पंडित अडवतील. न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे, यास अकृताभ्यागम दोष म्हणतात. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू माणसाने असा किती कोळसा जाळला, की त्याची माती वाहून जावी? "पूर्वजन्मीचे असेल," असे म्हणून मोकळे होणे मला मुळीच पटत नाही. त्याने जाळणारा सुटतो, आणि बुडालेलाच अपराधी ठरतो! चर खणावेत, बांध घालावेत, पाणी अडवून मुरवावे. हे गावाने करायचेच. पण त्यासाठी घामही त्याचाच आणि कर्जही त्याचेच, हा कुठला न्याय?