सरकत्या वाळूवरचं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात केप लुकआउट हा राखीव सागरकिनारा आहे. मुख्य भूमीला समांतर पसरलेली वाळूची लांबट, अरुंद बेटं. तिथे जायला पूल नाही. फेरीबोटीने जायचं, पुळणीवर तंबू लावायचा, पिण्याचं पाणी बरोबर न्यायचं आणि कचरा परत आणायचा.

तंबूची नेहमीची आखूड मेख इथे टिकत नाही. वारा सुटला की उपटून येते. म्हणून जाणकार पिशवीत वाळू भरतात, तिला तंबूची दोरी बांधतात आणि पिशवीच खोल पुरतात. मोकळ्या वाळूत रोवलेलं काही ठाम राहत नाही, हा धडा इथे पहिल्याच संध्याकाळी मिळतो.

खुद्द बेटही ठाम नाही. वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलतात आणि टेकड्यांमधल्या खिंडारांतून पलीकडच्या खाडीत नेऊन पसरतात. त्या ताज्या वाळूवर खाजणातलं गवत रुजतं. पुढची बाजू झिजते, मागची भरते. असं करत बेट मुख्य भूमीकडे सरकतं. समुद्राची पातळी वाढत असूनही ते पाण्यावर राहतं, ते या सरकण्यामुळेच. आपल्याला जी नासधूस दिसते, तीच बेटाची डागडुजी असते.

माणूस मात्र पाया घालतो. याच बेटांवर पोर्ट्समथ गाव १७५३ साली स्थापन झालं. ओक्राकोकच्या उथळ मुखाशी, म्हणजे समुद्रातून खाडीत शिरायच्या वाटेशी, मोठ्या जहाजांचा माल लहान होड्यांत उतरवायचा, हा गावाचा धंदा. १८४६च्या वादळाने उत्तरेला हॅटरसचं नवं मुख फोडलं. जहाजं तिकडे वळली, गाव ओसरत गेलं आणि १९७१मध्ये शेवटचे दोन रहिवासीही निघून गेले. उत्तरेकडच्या हॅटरस बेटावर १८७०चं विटांचं दीपगृह आहे. समुद्र त्याच्या पायथ्याशी येऊन ठेपला, तेव्हा १९९९मध्ये ते उचलून सुमारे ८८० मीटर दूर न्यावं लागलं. तंबूवाल्याला जे काम अर्ध्या तासाचं, ते इथे यंत्रांनाही काही आठवडे पुरलं.

तेव्हा तिथे जाणाऱ्याने टेकडीवरचं गवत तुडवू नये. उडती वाळू तेच अडवतं. शेकोटी भरतीरेषेच्या खाली पेटवावी, म्हणजे राख पुढची भरती नेते. आणि बोटीच्या वेळेला मुकाट उठावं. असल्या वाळूवर मुक्काम परवडतो, पाया परवडत नाही.